कवीचा आवाज आणि प्राध्यापकाचें घर

काव्य जन्मलें कानांसाठीं. छापखान्यानें तें डोळ्यांच्या स्वाधीन केलें. जात्यावरची ओवी पुस्तकांत वाचली म्हणजे तिचा अर्धा प्राण हरपतो, हें महाराष्ट्रीय घरांना सांगावयास नको. हा प्राण परत मिळविण्याचा एक उद्योग कॅनडांतील व्हॅन्कूव्हर नगरांत वॉरन टॉलमन या साहित्याच्या प्राध्यापकांच्या पुढाकारानें झाला.

टॉलमन जन्मानें अमेरिकन. १९५६ सालीं ते ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत इंग्रजी शिकवूं लागले; पण वर्गाइतकेंच त्यांचें घर नांवारूपास आलें. १९६१ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं व त्यांच्या पत्नी एलन यांनीं कवि रॉबर्ट डंकन यांस पाचारण केलें आणि त्यांचीं व्याख्यानें घरींच करविलीं. त्यानंतर सप्टेंबरांत पांच तरुणांनीं 'टिश' नांवाचें चक्रमुद्रित मासिक काढलें.

कवितेची ओळ छंदाच्या मापानें नव्हे, तर कवीच्या श्वासानें ठरावी, हा चार्लस ओल्सन यांनीं १९५० सालीं मांडलेला विचार या मंडळींस मान्य होता. तो स्वीकारला म्हणजे छापील पान गाण्याच्या स्वरलिपीसारखें ठरतें. ओळ कोठें थांबते, कोठें धांवते, हें कवीच्या मुखांतूनच कळतें. म्हणून कवीचा आवाज टिपून ठेवणें हें अभ्यासाचेंच अंग झालें.

१९६३ च्या उन्हाळ्यांत टॉलमन व कवि रॉबर्ट क्रीली यांनीं तीन आठवड्यांचें काव्यसत्र भरविलें. ओल्सन, डंकन, डेनिस लेव्हर्टोव्ह आले; मुंबई, कलकत्ता, काशी पाहून वर्षाहून अधिक काळ भारतांत राहिलेले ॲलन गिन्सबर्गही आले. तेथील वाचनें व चर्चा फ्रेड वा या तरुण कवीनें ध्वनिफितींवर उतरवून घेतल्या. त्यामुळें सत्राला हजर नसलेल्यांनाही ते आवाज आज ऐकतां येतात.

टॉलमन यांनीं कॅनडाची कविता अमेरिकेच्या दावणीला बांधली, असा आक्षेप पुढें घेण्यांत आला. प्रश्न गंभीर खरा. उसन्या सुरानें आपला सूर दबूं शकतो. परंतु 'टिश'च्या पांच संस्थापकांपैकीं जॉर्ज बावरिंग २००२ सालीं कॅनडाचे पहिले संसदीय राजकवि झाले आणि २०११ सालीं तोच मान फ्रेड वा यांस मिळाला. पाहुण्यांचा आवाज ऐकूनही शिष्यांचा स्वतःचा आवाज हरवला नाहीं.

टॉलमन १९९४ सालीं निवर्तले. शिक्षक कवीला प्रतिभा देऊं शकत नाहीं. मात्र थोरांचा आवाज त्याच्या कानीं घालणें आणि पुढील पिढीसाठीं तो जपण्याची दृष्टि देणें, एवढें शिक्षकाच्या हातीं असतें.