12345678987654321 : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नऊ एककांच्या संख्येचा, म्हणजे 111111111 चा वर्ग केला की 12345678987654321 ही सतरा अंकी संख्या मिळते. देवळालीचे शाळाशिक्षक आणि गणिती द. रा. कापरेकर यांनी अशा वर्गांना 'वंडरफुल डेमलो' संख्या म्हटले. तिच्या देखण्या रूपामुळे तिच्याविषयी काही समज पसरले आहेत. ते तपासून पाहण्याजोगे आहेत.

गैरसमज : हा अंकांचा गूढ चमत्कार आहे.
वस्तुस्थिती : कागदावर गुणाकार मांडा. एककांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. एकेका स्तंभात 1, 2, 3 असे वाढत मधल्या स्तंभात नऊ एकक येतात आणि पुढे ते तसेच कमी होतात. कुठेही हातचा येत नाही, म्हणून अंक जसेच्या तसे उमटतात.

गैरसमज : हा नमुना कितीही पुढे चालतो.
वस्तुस्थिती : दहा एककांपाशीच तो मोडतो. मधल्या स्तंभाची बेरीज 10 होते, हातचा डावीकडे जातो आणि उत्तर येते 1234567900987654321.

गैरसमज : अंकांची बेरीज 81, म्हणून संख्येला 81 ने भाग जातोच.
वस्तुस्थिती : भाग जातो, पण कारण ते नाही. अंकांच्या बेरजेची कसोटी फक्त 3 आणि 9 साठी आहे. 1899 च्या अंकांची बेरीज 27 आहे, तरी तिला 27 ने भागल्यास बाकी 9 उरते. आपल्या संख्येचे खरे कारण तिच्या मूळ अवयवांत आहे: 111111111 = 3² × 37 × 333667. वर्ग केल्यावर 3 चा घात 4 होतो आणि 3⁴ म्हणजेच 81. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' हे नाव दिले.

गैरसमज : संख्या मोठी, तर विभाजकही पुष्कळ.
वस्तुस्थिती : हिला फक्त 45 विभाजक आहेत. चार अंकी 5040 ला 60 आहेत. विभाजक किती, हे मूळ अवयव आणि त्यांचे घातांक ठरवतात. 45 ही संख्या विषम आहे, कारण पूर्ण वर्गात वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते.

गैरसमज : संगणकात टाकलेली संख्या जशीच्या तशी राहते.
वस्तुस्थिती : एक्सेल पंधराच सार्थ अंक जपते. तिथे ही संख्या 12345678987654300 होते. ही सम आहे आणि पूर्ण वर्गही नाही. शेवटचे दोन अंक गेले की संख्येचे गुणधर्मच बदलतात.

मोठी संख्या पाहून दबून जाऊ नका आणि तिच्या रूपावरही भाळू नका. तिचे मूळ अवयव शोधा. तिचे बहुतेक प्रश्न तिथेच सुटतात.