प्रथिन-परिवर्तक एंझाइमे व तंत्रिका तंत्राचा आरंभीचा विकास

कोशिकेत तयार झालेल्या प्रथिनाला फॉस्फेट, मिथिल, ॲसिटिल, वसाम्ल यांसारखे गट जोडणाऱ्या किंवा ते काढून टाकणाऱ्या, तसेच प्रथिनाचा रेणू ठराविक जागी छेदणाऱ्या एंझाइमांना प्रथिन-परिवर्तक एंझाइमे म्हणता येईल. अशा फेरबदलांमुळे प्रथिन कार्यक्षम वा निष्क्रिय होते, कोशिकेत स्थान बदलते किंवा नष्ट केले जाते.

मानवी भ्रूणाच्या तिसऱ्या आठवड्यात बाह्यस्तराचा मधला पट्टा जाड होऊन तंत्रिका-पट्टिका बनते. तिच्या कडा वर उचलल्या जाऊन परस्परांस मिळतात व गर्भधारणेपासून सु. २८ दिवसांत तंत्रिका-नलिका बंद होते. मेंदू व मेरुरज्जू तिच्यापासूनच तयार होतात. बाह्यस्तराची त्वचा व्हावी की तंत्रिका-ऊतक, हे मुख्यतः फॉस्फेटाच्या जोडणीवर ठरते. बीएमपी या संकेत-प्रथिनाचे ग्राही स्वतःच एंझाइम असून ते स्मॅड प्रथिनांना फॉस्फेट जोडतात आणि कोशिका त्वचेच्या मार्गाला लागते. नॉगिन व कॉर्डिन ही प्रथिने बीएमपीला जेथे बांधून ठेवतात, तेथे तंत्रिका-ऊतक निपजते. नलिकेच्या अधर भागाला दिशा देणारे सॉनिक हेजहॉग प्रथिन याहून नवलाचे आहे. त्याला पामिटिक अम्ल जोडण्यासाठी वेगळे एंझाइम लागते. कोलेस्टेरॉल मात्र ते स्वतःलाच छेदून जोडून घेते.

डीएनएला गुंडाळून ठेवणाऱ्या हिस्टोन प्रथिनांवरील मिथिल व ॲसिटिल गटांनुसार जीन खुले वा बंद राहतात. अपस्मारावरील व्हॅल्प्रोइक अम्ल हे औषध ॲसिटिल गट काढणाऱ्या एंझाइमांना रोधते, असे २००१ मध्ये आढळले. गर्भारपणाच्या आरंभी ते घेतल्यास नलिका उघडी राहण्याचा धोका वाढतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे व सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत दाखविले (२०१७) की, प्रमस्तिष्क-बाह्यकाच्या घडणीत महत्त्वाचे असलेले एलएचएक्स२ हे प्रथिन अशाच एंझाइमांच्या एका संकुलाशी निगडित राहून तंत्रिका कोशिकांचे प्रकार ठरविते.

मिथिल गटांचा पुरवठा फोलिक अम्ल व ब१२ जीवनसत्त्व यांवर अवलंबून असतो. पूर्वी असे दोषयुक्त मूल झालेल्या स्त्रियांना फोलिक अम्ल दिल्याने दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटते, असे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसून आले (१९९१). तथापि फोलिक अम्ल डीएनएच्या निर्मितीलाही लागते. म्हणून याचे सर्व श्रेय प्रथिनांच्या मिथिलीकरणास देणे घाईचे ठरेल.

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासी तालुक्यांच्या संदर्भात या २८ दिवसांना विशेष अर्थ आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे तेथील कुपोषणाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. आदिवासी भागांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गर्भवतीला शेवटच्या तीन महिन्यांत एक वेळचे चौरस जेवण देण्याची तरतूद करण्यात आली. गर्भाच्या वाढीस ते उपकारक आहे. परंतु तंत्रिका-नलिका त्यापूर्वीच कित्येक महिने मिटलेली असते. नागली, वरी व भात यांत ब१२ नसते. ते मासे, चिंबोऱ्या, अंडी व दूध यांतून मिळते. पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे कळते तेव्हा नलिका बंद होत आलेली असते. त्यामुळे फोलिक अम्ल गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावे लागते, आणि किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा दिल्या जाणाऱ्या लोह व फोलिक अम्लाच्या गोळीचे महत्त्व या दृष्टीने मोठे आहे.