खाटांबरोबर नळही मोजा

रोगमुक्तीसाठी रुग्णालयात जावे आणि तेथूनच नवा रोग घेऊन परतावे, हे दुर्दैव विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी १५ जणांना असा संसर्ग जडतो. उपाय जुना व स्वस्त आहे. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवावयास लावले. काही आठवड्यांतच त्यांच्या विभागातील बाळंतिणींचे मृत्यू शेकडा १८ वरून २ वर उतरले. तरीही हा उपाय सर्वत्र आचरणात येत नाही. कारण हात धुण्याचा खर्च रुग्णालयाचा, न धुण्याचा रुग्णाच्या खिशातला. टँकरच्या पाण्याशी परिचित असलेल्या वसई-विरारमध्ये ही काटकसर बळावण्याची भीती अधिक. म्हणून शुश्रूषागृहांची नोंदणी करणाऱ्या महापालिकेने खाटांबरोबर नळही मोजावेत.