गादीवरचा तोतया

युद्धकाळातल्या उपहासात सारख्या चेहऱ्यांचा विषय निघाला की आपले समीक्षक चॅप्लिनपाशी मुक्कामच ठोकतात. ‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) थोर आहेच. चॅप्लिन आणि हिटलर चार दिवसांच्या अंतराने जन्मलेले, मिशी तीच. एवढा आयता मसाला कोण सोडेल? पण त्यातल्या हुकूमशहासारख्याच दिसणाऱ्या न्हाव्याला हुकूमशहा समजून सलाम ठोकणारे शिपाई फसलेले असतात, आणि फसलेल्याला कुणी दोष देत नाही. माझं घोडं इथेच अडतं. त्यापेक्षा लुबिचचा ‘टू बी ऑर नॉट टू बी’ (१९४२) घ्या. आपण हुबेहूब हिटलर दिसतो हे पटवायला एक नट त्या वेशात वॉर्साच्या रस्त्यावर उभा राहतो. गर्दी थबकते, आणि एक चिमुरडी पुढे येऊन त्याला नटाच्या खऱ्या नावाने हाक मारून सही मागते!

आपल्याकडे मद्रासच्या तमिळ स्टुडिओंनी जुळ्यांचा रतीबच घातला. चिन्नप्पांचा ‘उत्तमपुत्रन’ १९४० चा, शिवाजी गणेशनांचा १९५८ चा; तलवारी, तुरुंग, राज्याभिषेक. त्याच वर्षीच्या ‘नाडोडी मन्नन’मध्ये राजाच्या जागी बसलेला एमजीआर प्रजेसाठी कायदे जाहीर करतो, तेवढं पाहावं. १९७७ साली हा नट खराच तमिळनाडूचा मुख्यमंत्री झाला.

खरी गंमत तोतयात. ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही, आणि युद्धाने रिकाम्या केलेल्या त्या जागेवर तोतया उभा राहिला. त्याला मानणारेही निघाले. १७७६ साली त्याला देहदंड झाला, न. चिं. केळकरांनी १९१३ साली त्याच्यावर ‘तोतयाचे बंड’ लिहिलं.

हाच तोतया मद्रासेतही उभा राहिला. तमिळ नाटककार चो रामस्वामींनी १९६८ साली ‘मुहम्मद बिन तुघलक’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा पासष्टचं युद्ध आणि हिंदीविरोधी आंदोलन, दोन्ही ताजी होती. थडग्यातून तुघलक आणि इब्न बतूता जिवंत निघतात. तुघलक निवडणूक जिंकून पंतप्रधान होतो, पक्ष सोडून आलेल्यांना घाऊक भावाने उपपंतप्रधानपदं वाटतो आणि भाषेचं भांडण मिटवायला फारसी राष्ट्रभाषा करतो. मद्रासमधल्या मैलापूरच्या नाट्यसभांमधले कॉफी ढोसणारे मामा लोक या फारसीवर खुर्चीतून पडायचे. पुढे कळतं की हे दोघे म्हणजे महादेवन आणि त्याचा साथीदार. राजकारण्यांचं पितळ उघडं पाडायला सोंग घेतलेलं. ठरल्याप्रमाणे सोंग उतरवायची वेळ येते, तेव्हा महादेवन खुर्ची सोडत नाही. खरं सांगू पाहणाऱ्या साथीदाराला जमावच ठार मारतो. हसणारं नाट्यगृह इथे गप्प होई. १९७१ साली त्याचा चित्रपट निघाला, सत्ताधाऱ्यांना झोंबलाही. चो एकसुरी, नाटकात नुसती बडबड, असं म्हणणारे विद्वान मला इथे भेटतात. बडबड आहेच, पण ते जमावाचं दृश्य लिहून दाखवा म्हणावं.

त्यानंतर बराच उन्हाळा. २००६ साली चिंबुदेवनच्या ‘इम्सै अरसन २३ आम पुलिकेसी’त विनोदी नट वडिवेलूने दोन्ही जुळे रंगवले: इंग्रजांपुढे लोटांगण घालणारा राजा आणि त्यांच्याविरुद्ध उठलेला भाऊ. हा राजा जातींना आपसात लढायला मैदान बांधून देतो आणि परक्यांना शीतपेयाचा कारखाना काढू देतो. चित्रकार त्याचं मुंडकं पिळदार धडावर रंगवतो, ते बघावंच. जुळ्यांच्या कथेत एवढा दम मी तरी पूर्वी पाहिला नव्हता. आता सगळं दूरदर्शनवरच्या नकलांवर आलंय. आवाज हुबेहूब, पण नेत्याला झोंबेल असं वाक्य सापडायचं नाही. पुलिकेसीचा पुढचा भाग जाहीर झाला होता. निर्माता आणि नट यांचं बिनसलं, आणि तोही बारगळला.