मोबाईलमधील पुरावा आणि कोर्टाची तारीख

बांधावरून मारहाण झाली, की वरकुट्यातसुद्धा आता प्रथम खिशातला मोबाईल निघतो. चित्रण झाले म्हणजे पुरावा झाला, असे आपण समजतो. आमच्या भावकीतील एकाने तर खटला उभा राहण्याआधीच तो मोबाईल देऊन नवा घेतला!

२०१४ साली अर्जुन खोतकर जालन्यातून २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर दाखल झाले, अशी कैलास गोरंट्याल यांची तक्रार होती. आधार होता निवडणूक कार्यालयातील चित्रणाचा. पण मागूनही अधिकाऱ्यांनी त्याचा दाखला दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की मालकाने साक्षीला उभे राहून मूळ यंत्रच हजर केले तर दाखला नको. प्रत दिली तर हवाच. कोणी देत नसेल तर न्यायालयामार्फत मागवावा. गोरंट्याल यांनी केलेल्या लेखी मागण्या इथे कामी आल्या.

बँकेत आम्हांला हे नवे नाही. खातेवहीचा उतारा कोर्टात द्यायचा तर १८९१ च्या कायद्याने दाखला लागतोच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दाखल्याचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याचा व दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाईलची ‘हॅश’ लिहितात. हा जणू फाईलच्या अंगठ्याचा ठसा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून धाडलेली प्रत आकसते, तिचा ठसा मूळ फाईलशी जुळत नाही. तेव्हा मूळ मोबाईल जपावा, आणि चित्रण दाखवायची सोय कोर्टात आहे का, हे तारखेआधीच वकिलांना विचारावे.