विश्लेषण : विमान गिरक्या घेत कोसळू लागले, तर पायलट काय करतो?

२५ ऑगस्ट १९१२. इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या मैदानावर ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क एव्ह्रो कंपनीचे विमान उतरवत होते. सुमारे ७०० फुटांवर विमान अचानक भोवऱ्यासारखे फिरत खाली जाऊ लागले. पार्क यांनी कंट्रोल स्टिक मागे ओढली, पण काहीच उपयोग झाला नाही. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी गिरकीच्या उलट बाजूचा रडर पूर्ण दाबला. गिरकी थांबली तेव्हा जमीन अवघी ५० फुटांवर होती.

या अवस्थेला ‘स्पिन’ म्हणतात. लोकांच्या डोळ्यांदेखत झालेली आणि नोंदवली गेलेली स्पिनमधली ही पहिली सुटका मानली जाते.

स्पिन कसा सुरू होतो?

विमानाचा पंख समोरून येणाऱ्या हवेशी थोडा कोन करून असतो, म्हणून तो विमानाला उचलून धरतो. हा कोन साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागापासून सुटते आणि उचल एकदम कमी होते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. यात इंजिन बंद पडलेले नसते. अशा वेळी विमानाचे नाक एका बाजूला घसरत असेल, तर एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त स्टॉल होतो. तो खाली पडतो, मागे ओढला जातो आणि विमान स्वतःभोवती फिरत खाली येऊ लागते.

अंगभूत प्रतिक्रिया घात का करते?

नाक जमिनीकडे झुकले की कोणाचाही हात स्टिक मागे ओढतो. एक पंख पडला की स्टिक दुसऱ्या बाजूला वळवावीशी वाटते. स्पिनमध्ये या दोन्ही गोष्टी घातक ठरू शकतात. स्टिक ओढल्याने पंखाचा कोन मोठाच राहतो, म्हणजे स्टॉल कायम राहतो. एलेरॉन वापरून पडलेला पंख उचलायला गेले, तर त्याच पंखाचा कोन आणखी वाढतो.

सुटकेचे चार टप्पे

बहुतेक छोट्या विमानांसाठी क्रम असा :

१. इंजिनची शक्ती पूर्ण कमी करणे.
२. एलेरॉन मध्यावर ठेवणे.
३. गिरकीच्या उलट बाजूचा रडर पूर्ण दाबणे.
४. स्टिक पुढे ढकलणे.

गिरकी थांबताच रडर मध्यावर आणून विमान हळूहळू सरळ करायचे असते. घाईने ओढल्यास पुन्हा स्टॉल होऊ शकतो. ज्या त्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये वेगळी पद्धत दिली असेल, तर तीच पाळावी लागते. उदाहरणार्थ, सिरस कंपनीच्या एसआर-२२ विमानात स्पिन झाल्यास अख्ख्या विमानाचे पॅराशूट उघडायचे असते.

मग हे सगळ्यांना का शिकवत नाहीत?

अमेरिकेने १९४९ मध्ये खासगी पायलटसाठी स्पिन प्रशिक्षणाची सक्ती काढली. आज तिथे ते फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होणाऱ्यांना बंधनकारक आहे. बाकीच्यांसाठी भर आहे तो स्टॉल वेळीच ओळखून टाळण्यावर.

याचे कारण उंचीत आहे. सेसनाच्या छोट्या विमानांत एका फेरीच्या स्पिनमधून बाहेर येईपर्यंत सुमारे १,००० फूट उंची जाते. उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर विमान त्याच्या निम्म्या उंचीवर असू शकते. तिथे चारही टप्पे तोंडपाठ असून उपयोग नसतो.

लष्करी प्रशिक्षणात मात्र स्पिनला पर्याय नाही. त्यासाठी विमानही तसेच लागते. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या एचजेटी-३६ या जेट प्रशिक्षण विमानाचे काम याच मुद्द्यावर बरीच वर्षे अडले होते. उभी शेपटी मागे सरकवून आणि रडर वाढवून, जानेवारी २०२२ मध्ये त्याने दोन्ही बाजूंना सहा फेऱ्यांचा स्पिन करून दाखवला.

खरी परीक्षा शेवटच्या वळणावर

विमान वळताना धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाते. पायलट तिरका वळण्याऐवजी रडर दाबून नाक धावपट्टीकडे खेचतो, वर स्टिकही ओढतो. स्पिनची सगळी तयारी इथे होते. अशा वेळी योग्य उपाय साधा आहे : उतरण्याचा हट्ट सोडायचा, इंजिनला शक्ती द्यायची, वर जायचे आणि पुन्हा फेरी मारून यायचे.