सांडपाण्यावरची कर्दळ

कर्दळ तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. तिची पाने केळीसारखी रुंद असतात. फुले लाल किंवा पिवळी असतात. माझी आजी तिला कर्दय म्हणते. ती कशी लावायची आणि काहून लावायची, ते मी सांगतो.

आमचे गाव धामणगाव बढे, तालुका मोताळा. इकडे ऊन फार कडक. मे महिन्यात माय तांब्याभर पाणीसुद्धा वाया जाऊ देत नाही. मग फुलझाडाला पाणी कोठून घालणार? पण न्हाणीचे पाणी रोज वाहतेच. आमचे पाणी आधी गल्लीत साचायचे. आपली माती काळी. तिच्यात पाणी लवकर जिरत नाही. चिखल व्हायचा, शेजारची काकू रोज मायशी भांडायची. रात्री डास झोपू देत नसत. गुरुजींनी सांगितले की, घाण पाण्यात क्युलेक्स डास होतात आणि त्यांच्यामुळे हत्तीरोग पसरतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

म्हणून आबांनी न्हाणीमागे शोषखड्डा केला. तळाला मोठे दगड, त्यावर लहान गोटे, वर रेती. पाणी वर दिसत नाही, आत जिरते. खड्ड्याभोवती जमीन सदा ओली राहते. तिथे आम्ही कर्दळ लावली.

ओल्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही, म्हणून पुष्कळ झाडे सडतात. कर्दळीच्या आत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यामुळे ती चिखलातही जगते. तिची मुळे पाणी ओढून घेतात आणि रुंद पानांतून ते वाफ होऊन जाते. शहरांतही सांडपाणी शुद्ध करायला गोटे-रेतीच्या वाफ्यात कर्दळ लावतात.

लावण्याची रीत अशी :
१) मृगाचा पाऊस पडला की आल्यासारखा कंद घ्यावा. प्रत्येक तुकड्याला दोन तरी डोळे पाहिजेत.
२) डोळे वर करून चार बोटे खोल लावावा. दोन कंदांत एक हात जागा सोडावी. ऊन लागेल अशी जागा पाहावी.
३) एका दांड्याची फुले संपली की तो बुडापासून कापावा. बाजूने नवे कोंब येतात. त्यामुळे दरवर्षी नवीन लावावी लागत नाही.
४) गुंडाळलेले पान दिसले तर उघडून पाहावे. आत अळी असते. ती काढून टाकावी.

आम्ही मृगात लावली, दसऱ्याला फुले आली. आजी म्हणाली, "पाय, घाण पान्याचं फूल झालं!"

बियांपासूनही कर्दळ येते. बी काळे, गोल आणि फार टणक असते. ते दगडावर घासून रात्रभर भिजत घालावे, नाहीतर लवकर उगवत नाही. इंग्रजीत या झाडाला इंडियन शॉट म्हणतात. शॉट म्हणजे बंदुकीचा छर्रा. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली तिला कॅना इंडिका नाव दिले. नाव इंडियाचे, पण तिचे मूळ घर अमेरिका खंडात आहे! आणखी एक गंमत. आपण ज्यांना लाल पाकळ्या समजतो, ते खरे म्हणजे रुंद झालेले पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या खाली लहान, अरुंद असतात.

पण लक्षात ठेवा, कर्दळ डास मारत नाही. पाणी उघडे साचले तर कर्दळीच्या बुडाशीही डास होतील. म्हणून आधी खड्डा, मग कर्दळ. आणि मलेरियाचे डास स्वच्छ पाण्यात होतात, म्हणून रांजणही झाकून ठेवा.

आता काकू भांडत नाही. तिनेच आमच्याकडून दोन कंद नेले. आमच्याकडे कंद पुष्कळ झाले आहेत. मृग लागला की ज्याला पाहिजे त्याने घरी येऊन न्यावेत. पैसे नकोत. येताना खुरपे आणावे.

— इयत्ता ४ थी